तुमच्या गावात कोणाची वाट पाहावी लागते?

धुरकरी | ९ जून, रात्री ९:४०

मृगाच्या आधी ठिबकवर कपाशी लावायचा हट्ट माझाच. नळ्या अंथरल्या, सरकी टोबली आणि तिसऱ्या रात्री मोटर जळली. डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, तीनपैकी एक फेज गेला होता. मोटर उरलेल्या दोनवर घूं घूं करत राहिली आणि मी घरी घोरत होतो. सकाळी विहिरीवर गेलो तर जळक्या वार्निशचा वास धुऱ्यापासूनच येत होता.

पाच एचपीची मोनोब्लॉक ऑटोत टाकून तालुक्याला नेली. जळकी तार काढून नवी गुंडाळून देणारा तो वाइंडिंगवाला, त्याने मान वर केली नाही, बोटानेच दाखवलं, "तठी ठेवा." तिथे आधीच अकरा मोटरी ओळीने बसलेल्या, प्रत्येकीवर खडूने गावाचं नाव. माझ्या मोटरीवरही त्याने गावाचं नाव टाकलं आणि म्हणाला, "शनवारी या." तो सोमवार होता. तेव्हापासून बायकोने आणि मी घागरीने पाणी घालून चार तासं कशीबशी जगवली, बाकीच्याचं काय झालं ते विचारू नका.

इकडे घरी वेगळीच पंचाईत. पुतण्या बारावी सायन्स झाला, ५८ टक्के. मोठा भाऊ म्हणतो इंजिनिअरिंगला टाकू, एका कॉलेजच्या फलकावर शंभर टक्के नोकरीची हमी लिहिली आहे. वहिनी म्हणते पोलीस भरतीची अकॅडमी लावा. पोरगा स्वतः काहीच म्हणत नाही, मोबाइल पाहून राहिला. रविवारच्या पुरवणीत 'सध्या सर्वाधिक मागणी असलेले दहा व्यवसाय' असा लेख आला होता, तो भावाने कापून देवघरापाशी ठेवला आहे. डेटा सायंटिस्ट, सायबर सुरक्षा, क्लाउड वगैरे. मी दोनदा वाचला. त्या दहापैकी एकाही माणसाची मला आजवर वाट पाहावी लागलेली नाही.

म्हणून इथे सरळ विचारतो. पेपरातलं सोडा. गेल्या वर्षभरात तुमच्या गावात तुम्हाला कोणाची वाट पाहावी लागली, किती दिवस, आणि तो माणूस पोटापुरतं कमावतो का?

ठेचा_भाकर | ९ जून, रात्री १०:०५

माह्या गावात गवंड्याची. घरकुलं मंजूर झाली चाळीस अन् गवंडी दोन. एक त्यातला पितो. पाया खोदून ठेवला मार्चात, आता त्यात बेंडकं बोलतीन.

हिंजवडी_व्हाया_रिसोड | ९ जून, रात्री १०:५२

धुरकरीभाऊ, राग मानू नका, पण जळलेल्या मोटरीवरून पोराचं करिअर ठरवायचं म्हणजे फार झालं. आपण लहानपणी एसटीडीवाल्याची वाट पाहिली आहे. कॅसेट भरून देणाऱ्याची पाहिली आहे. मनगटी घड्याळवाल्याकडे तर माझ्या आजोबांचं घड्याळ महिनाभर पडून असायचं. कुठे आहेत ते? आज वाट पाहावी लागते म्हणजे दहा वर्षांनीही लागेल असं नाही.

मी रिसोडच्या शाळेतून निघून इथवर आलो ते कॉम्प्युटरमुळेच. हेही कबूल करतो की सध्या आमच्याकडेही नव्या पोरांची भरती आखडली आहे. पूर्वी कॉलेजात येऊन घाऊक पोरं उचलायचे, आता निवडून चार घेतात. पण म्हणून काय सगळ्यांनी पाना-पक्कड घ्यायची? शिवाय सौर पंप आले की तुमचा वाइंडिंगवाला उपाशीच मरणार ना?

कंट्रोलर_एरर | १० जून, सकाळी ६:३०

वरच्या शेवटच्या वाक्यासाठी खास लॉगिन केलं. मी सौर पंपांचंच काम करतो, मूर्तिजापूर-कारंजा पट्ट्यात. आयटीआय इलेक्ट्रिशियन.

सौर पंपात सूर्य फक्त वीज देतो दादा, पाणी मोटरच ओढते. त्या मोटरीतही तांब्याचीच तार असते, तीही जळते. पत्रे, म्हणजे पॅनल, त्यांना फारसं काही होत नाही. होतं ते जोडाला आणि कंट्रोलरला, म्हणजे पत्रे आणि मोटर यांच्या मधल्या डब्याला. गेल्या महिन्यातली माझी कामं सांगतो. माकडांनी ओढून तोडलेल्या वायरी, तीन ठिकाणी. जोड नीट दाबलेला नाही म्हणून वितळलेला प्लग, पाच ठिकाणी. अर्थिंगचा खड्डा खणलाय पण त्यात मीठ-कोळसा काहीच नाही, त्यात वळवाची वीज पडून कंट्रोलर खलास, दोन ठिकाणी. आणि एका आजोबांनी फोन केला की पंप बंद पडला. चाळीस किलोमीटर गेलो. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, कोरडं चालू नये म्हणून यंत्राने स्वतःच पंप बंद केला होता. पाइप दहा फूट खाली सोडला, झालं. आजोबा म्हणे, "यवढंच होतं त फोनवर सांगाचं होतं."

आता हिशोब पाहा. मागेल त्याला सौर कृषीपंप योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. त्यामुळे गावोगाव पत्रे चमकून राहिले. पुरवठादाराची दुरुस्तीची हमी पाच वर्षं. याआधीची मुख्यमंत्री सौर कृषीपंप योजना २०१८ च्या शेवटी आली होती, तिच्यातल्या पहिल्या पंपांची पाच वर्षं उलटून गेली. आता त्यांचा वाली कोण? मी. आणि माझ्यासारखे तालुक्यात चार-दोन. घराच्या छतावरचं वेगळंच. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान, त्यामुळे कारंजासारख्या गावातही मास्तर, दुकानदार बसवून घेत आहेत.

पुतण्याला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन करा. दोन्ही दोन वर्षांचे ट्रेड. सौर तंत्रज्ञाचा एका वर्षाचा ट्रेडही आहे, पण माझं मत, आधी तीन फेज हाताखालून जाऊ द्या. ज्याला जळका स्टार्टर वासावरून ओळखता येत नाही त्याला कंट्रोलर काय कळणार. आणि महावितरणची विद्युत सहायकाची जाहिरात निघाली तर तिथेही हेच दोन ट्रेड लागतात. मागची ५,३४७ जागांची होती. पहिली तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात, पण दार तरी उघडं राहते.

सरकीचं_सोनं | १० जून, सकाळी ८:१५

+१. जोड दाबायचं पक्कड मी पाचशेचं घेतलं होतं, तुम्ही सांगितलेला वितळलेला प्लग माझाच समजा.

उपकेंद्र_नंबर_दोन | १० जून, दुपारी २:१०

सगळे पोराचंच बोलून राहिले, एखादी पुतणीही असेल कोणाची.

मी गोंदिया जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रावर नर्स आहे. नियम असा की सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजाराला. कागदावर तीन हजार म्हणजे प्रत्यक्षात सात टोले म्हणजे वस्त्या, मध्ये एक नाला, आणि पावसाळ्यात त्या नाल्यापलीकडे एक बाई नवव्या महिन्यात. आमची वाट लोक घड्याळ लावून पाहतात. नर्सिंगचे कोर्स असे, एएनएम दोन वर्षांची, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. बीएस्सीला बारावीत जीवशास्त्र पाहिजे आणि त्याची सीईटीही द्यावी लागते, हे पुष्कळ पालकांना जूनमध्ये कळते, तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. मधल्या काळात गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, नागपूरला एम्स आलं. खाटा वाढल्या की नर्स लागतेच, तिला पर्याय नाही. माझ्या बॅचची एकही मुलगी घरी बसलेली नाही.

पण एक सांगते, मागणी आहे म्हणजे पगार आहे असं समजू नका. आमच्यातल्या बऱ्याच जणी कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, एका दिवसाचा खंड, पुन्हा करार. एका खासगी दवाखान्यात मी आधी होते, तिथे रात्रपाळीला चाळीस पेशंटला आम्ही दोघी आणि पगार हातात पडायला पंधरा तारीख उलटायची. तरी मुलीला मी नर्सिंगच करायला सांगीन. का, तर ती कुठल्याही गावात गेली तरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी दार वाजवतेच.

ठेचा_भाकर | १० जून, दुपारी २:४०

ताई, आमच्या गावात डॉक्टर हप्त्यातून दोनदा येते, नर्सबाई रोज. लोकं डॉक्टरलेच इचारते, "बाईनं सांगतलं थेच देऊ का?"

डोंगरगाव_मुक्काम | १० जून, सायंकाळी ५:२५

चामोर्शीकडून. आमच्या भागात एकच हवा आहे, ऑपरेटर. सूरजागडची लोहखाण, कोनसरीचा कारखाना, डंपरच डंपर. पोकलेन, लोडर, डंपर चालवणारा पाहिजे, वेल्डर पाहिजे, फिटर पाहिजे. चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या खाणी आधीपासून आहेतच, तिथे मायनिंग सरदार, ओव्हरमन म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणाऱ्यांचं डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालयाचं) प्रमाणपत्र असलं तर माणूस तरून जातो.

पोरं चुकतात कुठे? वीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि आधी हलक्या वाहनाचं लायसन काढून एक वर्ष झालेलं पाहिजे, तेव्हा हेवीचं होते. एकोणिसाव्या वर्षी लायसन काढायचा कंटाळा, मग भरती निघाली की हेल्पर म्हणून चढतात आणि हेल्परच राहतात. गावची जमीन गेली, धूळ घरात आली आणि नोकरी मिळाली ती ताडपत्री बांधायची. माझा राग त्यावर आहे. एका ठेकेदाराने माझ्या भाच्याला आठ महिने 'शिकाऊ' म्हणून फुकट राबवलं, मग सांगितलं बाहेरून शिकलेला माणूस मिळाला.

धुऱ्यावरची_बाई | १० जून, रात्री ९:००

वाचून हसू आलं. सगळ्यांनी मोटरवाला, सोलरवाला, डंपरवाला सांगितला. दिवाळीनंतर तुम्ही सगळे रात्री आठ वाजता कोणाच्या दारी उभे असता? वेचणीच्या बायांच्या.

मागच्या हंगामात माझा सहा एकर कापूस फुटून लोंबत होता आणि मी रोज संध्याकाळी त्या मुकादम बाईच्या अंगणात जाऊन बसायचे. ती स्वयंपाक करत करत सांगायची, "उद्या पाटलाकडे, परवा मास्तरकडे, नेरवा पाहू." नेरवाच्या दिवशी पाऊस आला. वेचणीला आमच्याकडे किलोवर भाव असतो आणि शिवाय ऑटोचं भाडं, चहा, ते वेगळं. तरी बाया मिळत नाहीत. अकोला-अमरावतीकडे मेळघाटातून कोरकू माणसं येतात म्हणून तिथलं निभते.

कोणी म्हणेल यंत्र येईल. इतक्या लवकर नाही येत. आपल्या कपाशीची बोंडं एकदम फुटत नाहीत, खालचं फुटते तेव्हा शेंड्यावर पातं, म्हणजे कळी, असते. तीन-चार वेचे करावे लागतात. यंत्राला एकदम फुटणारं, ठेंगणं, दाट लावलेलं वाण पाहिजे. नागपूरची कापूस संशोधन संस्था सघन लागवडीवर काम करत आहे, पण माझ्या शिवारात अजून बायाच आहेत.

तर सांगा, इतकी मागणी असलेलं काम तुमच्या पुरवणीतल्या यादीत काहून नाही? आणि ज्या बाईची वाट अख्खं गाव पाहते तिच्या पोरीला ती वेचणी शिकवते का? नाही शिकवत. म्हणते, तू शीक.

हिंजवडी_व्हाया_रिसोड | १० जून, रात्री ९:४५

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पराटी | ११ जून, सकाळी ७:२०

फवारणीचंही तेच. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून पंप पाठीवर घ्यायला मजूर आधी दहा प्रश्न विचारतो, आणि बरोबर करतो. आमच्या बचत गटातल्या एका ताईने ड्रोनचं शिकून घेतलं. अट दहावी पास आणि अठरा वर्षं पूर्ण, मग मान्यताप्राप्त संस्थेत शिकून डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतूक खात्याचं, पायलट प्रमाणपत्र. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटाला ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत आहे. एकराला दहा मिनिटंही लागत नाहीत. अडचण बॅटरीची. दोन-तीन एकर झालं की बॅटरी उतरली, शेतात जनरेटर घेऊन फिरावं लागते. पण ऑगस्ट-सप्टेंबरात तिचा फोन लागत नाही, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

मामा_वाशीमवाले | ११ जून, सकाळी ११:३०

तुम्ही सगळे मूळ मुद्दा टाळता आहात. सोयरीक.

मी आजवर बारा-पंधरा सोयरिकी जुळवल्या. मुलगा सोलरचं काम करतो, महिन्याला तीस हजार सुटतात, असं सांगितलं की मुलीचा बाप विचारतो, "म्हणजे नोकरी कुठं आहे?" मुलगा पंचायत समितीत कंत्राटी, बारा हजार, असं सांगितलं की पाट मांडतात. २०२४ च्या पोलीस भरतीला १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. शंभरातला एक. तलाठ्याच्या ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज. पोरं वेडी आहेत म्हणून पळत नाहीत, त्यांना लग्न करायचं आहे. धुरकरींच्या वहिनी चुकीचं बोलत नाहीत, त्या वेगळ्या बाजारातली मागणी सांगतात.

कंट्रोलर_एरर | ११ जून, सकाळी ११:४१

मामा, माझं तीन ठिकाणी याच वाक्यावर मोडलं. 'नोकरी कुठं आहे.' चौथ्या ठिकाणी सासऱ्याचा पंप बंद होता.

ठेचा_भाकर | ११ जून, सकाळी ११:४४

😂😂 माकडाईचे उपकार माना भाऊ.

उधारीची_वही | ११ जून, रात्री १०:३०

दोन दिवस वाचतो आहे, लिहू की नको असं चाललं होतं. माझे वडील मोटर वाइंडिंग करायचे. तीस वर्षं. मी आज एका पतसंस्थेत कारकून आहे.

काम कसं असते ते सांगतो. जळकी मोटर खोलली की आतली गुंडाळी कोळशासारखी झालेली असते. ती छिन्नीने कापून खाचेतून ओढून काढायची, पण एक गुंडाळी अख्खी ठेवायची, कारण तिचे वेढे मोजायचे असतात. ते वेढे मोजायचं काम माझं. सहावीत होतो. एक तार निसटली की पुन्हा पहिल्यापासून. मग खाचांत कागद, नवीन तार, जोड, वार्निश, आणि सुकायला उन्हात. पाच एचपीच्या मोटरीला दोन-तीन किलो तांबं लागते. तार दुकानदार रोखीनेच देतो, एक रुपया उधार नाही. आणि शेतकरी?

बाबांची वही अजून माझ्याकडे आहे. तारीख, गाव, एचपी, आणि शेवटच्या रकान्यात देण्याचा वायदा. 'सोयाबीन निघाल्यावर.' 'चना झाल्यावर.' 'जावई आल्यावर.' एका ठिकाणी नुसतं 'पाहू' लिहिलं आहे. तार रोखीची आणि मजुरी उधारीची, असा तो धंदा. हंगामात आमच्या दारी वीस मोटरी असायच्या आणि आईच्या डब्यात साखर नसायची. धुरकरी, तुम्ही विचारलं तो माणूस पोटापुरतं कमावतो का. कमावतो. हातात येत नाही.

मी धंदा सोडला तो काम नव्हतं म्हणून नाही. बाबांनीच हात जोडून सांगितलं, दुसऱ्याची मोटर उचलू नको.

सरकीचं_सोनं | ११ जून, रात्री १०:५०

'जावई आल्यावर' वाचून थांबलो. आमच्या घरचाच वायदा वाटला.

हिंजवडी_व्हाया_रिसोड | ११ जून, रात्री ११:१५

मग उपाय आहे ना. क्यूआर कोड लावा, आगाऊ निम्मे घ्या, मोटर आधी नाही द्यायची. मी गंमत करत नाही. शहरात एसी दुरुस्तीवाला दारात पाय ठेवायचेच पैसे घेतो आणि कोणी हूं की चूं करत नाही.

उधारीची_वही | ११ जून, रात्री ११:३२

शहरात तो तुमचा कोणी नसतो. इथे मोटरवाल्याच्या आईच्या तेराव्याला तोच शेतकरी पंगतीत वाढायला असतो. त्याला निम्मे आगाऊ कसे मागता? सोलरचं बरं आहे, कंट्रोलर_एरर बाहेरगावचा असतो आणि कंपनीचा शर्ट घालतो.

कंट्रोलर_एरर | १२ जून, सकाळी ६:१०

शर्ट मीच शिवून घेतला आहे. कारण तुम्ही सांगितलं तेच.

धुरकरी | १५ जून, रात्री ९:२०

उशीर झाला, माफ करा. शनिवारी पुतण्याला सोबत नेलं होतं. मोटर तयार नव्हती. वाइंडिंगवाल्याचा पोऱ्या पुण्याला निघून गेलेला, तो एकटाच. पुतण्या बसला तर त्याने त्याच्यासमोर ती जळकी गुंडाळी सरकवली, "मोज." पोराने मोबाइल खिशात घातला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा आकडा जुळला तेव्हा तो माणूस पहिल्यांदा हसला. रविवारी पोरगा स्वतःच बसने गेला. आज सोमवारी पुन्हा.

घरी तह झाला तो असा. सरकारी आयटीआयच्या अर्जात पहिला पर्याय इलेक्ट्रिशियन, दुसरा वायरमन. वहिनीसाठी सकाळचं धावणं चालू ठेवायचं, भरती निघाली तर फॉर्म भरायचा. भावाने देवघरापाशी ठेवलेलं कात्रण अजून तिथेच आहे. शंभर टक्केवाल्या कॉलेजला मी फोन लावून विचारलं की मागच्या वर्षी कोणकोणत्या पोराला कुठे लागली ते सांगा, तर बाई म्हणाल्या प्रत्यक्ष या.

उधारीची_वही, तुमचा प्रतिसाद मी त्या रात्री बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आपलं किती राह्यलं?" मी मोटर ठेवतानाच त्याला सांगून आलो होतो, निम्मे आता, निम्मे दिवाळीला. बाकी सगळे दिले असं इथे लिहिलं तर खोटं होईल, बियाण्यातच हात रिकामा झाला आहे. आज मोटर उचलली तेव्हा हजार दिले. नऊशे राहिले. त्याने वहीत लिहिताना मी वाकून पाहिलं, शेवटच्या रकान्यात 'कापूस' लिहिलं आहे.

मोटर चालू आहे. सिंगल फेजिंगचं प्रिव्हेंटरही बसवून घेतलं, एक फेज गेला की ते मोटर बंद करते. जगलेल्या चार तासांना आज पाणी दिलं, बाकीच्यात उद्या पुन्हा टोबतो.

अवांतर : रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन टकटक करते पण तारेत झटका नाही. दारव्हा-दिग्रसकडे कोणी दुरुस्त करणारा आहे का? तीन जणांना फोन केले, तिघंही म्हणाले पुढच्या हप्त्यात.

ठेचा_भाकर | १५ जून, रात्री ९:२६

तारेले गवत टेकलं असन. आधी गवत कापा, मंग पुतण्याले इचारा.